'रिअल रॉक'मधली मोकळी जागा

जमैकाच्या रेगे संगीतातील 'रिअल रॉक' या रिडिमवरचा (रिडिम म्हणजे अनेक गाण्यांसाठी पुन्हापुन्हा वापरला जाणारा बेस आणि तालाचा साचा) एक लेख नुकताच वाचला. या रिडिमच्या टिकाऊपणाचे सारे श्रेय त्या लेखात बेस गिटारला दिले आहे, ते मला अपुरे वाटते. किंग्स्टनच्या ब्रेंटफर्ड रोडवरील स्टुडिओ वनमध्ये साउंड डायमेन्शन या वादकसंचाने साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मुद्रित केलेली ही रचना मुळात गायकाविना आहे. तिच्यात बेस आपले वाक्य पुरे करून थांबतो, तेव्हा उरलेल्या जागेत गिटारचा तुटक आघात आणि व्हिन गॉर्डन यांच्या ट्रॉम्बोनची ती जडशी, किंचित उदास ओळ जे करून जाते, ते असंख्य वेळा ऐकूनही माझ्यासाठी शिळे झालेले नाही. ही जागा मोकळी राहिली म्हणूनच पुढच्या गायकांना आणि डीजेंना (जमैकात डीजे म्हणजे तालावर बोलणारा) तिथे आपले शब्द मांडता आले. विली विल्यम्स यांनी याच तालावर उपाशी माणसांविषयीचे 'आर्मागिडियन टाइम' गायले, आणि १९७९ मध्ये लंडनच्या 'द क्लॅश' या बँडने ते आपल्या 'लंडन कॉलिंग' या गाण्याच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला घेतले. लेखात जॅकी मिटू यांचा उल्लेखही नसावा, हे मात्र मनाला लागले. त्या काळातील स्टुडिओ वनच्या संगीताच्या बांधणीत या ऑर्गनवादकाचा वाटा फार मोठा होता.