सूर्याची वाफ की सूर्याची वीज? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ऊन फुकट आहे, तर गोडं पाणी मिळवायला काचपेटीत खारं पाणी तापवून वाफ धरावी, आरओ (दाबाने पाणी गाळून मीठ वेगळं करण्याची पद्धत) म्हणजे वीज खाणारं यंत्र, आणि मी त्याची बाजू घेतो ती पंपवाल्यांच्या भल्यासाठी. शेवटचा आरोप सोडून देतो. पहिल्याचं उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवं, कारण असं वाटणारे तुम्ही एकटे नाही.

हजार लिटर पाण्याची वाफ करायला विजेच्या युनिटांत मोजली तर साधारण ६५० युनिट उष्णता लागते. वाफेचं पुन्हा पाणी होताना ती उष्णता बाहेर पडते, पण साध्या काचपेटीत ती काचेतून हवेत निघून जाते. म्हणून चांगल्या उन्हातही चौरस मीटरमागे दिवसाला तीन-चार लिटरच हाती लागतात. एका घराच्या पिण्यापुरतं हे उत्तम आहे. दहा हजार वस्तीच्या गावाला माणशी ५५ लिटर द्यायचे तर सुमारे ३४ एकर काच लागेल. तेवढंच पाणी आरओने काढायला रोज दोन हजार युनिट वीज पुरते, आणि ती दोन एकरांतल्या सौर पॅनेलवर तयार होते. ऊन तेच आहे!

एवढा फरक पडतो, कारण आरओत पाण्याची वाफ करावीच लागत नाही. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब, म्हणजे मिठामुळे गोडं पाणी वेगळं व्हायला जो दाब अडवतो तो, २७ बारच्या (हवेच्या दाबाच्या सुमारे २७ पट) आसपास असतो. त्याच्या दुपटीहून जास्त दाबाने ते मेम्ब्रेनमधून, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण मीठ अडवणाऱ्या पातळ पडद्यातून, ढकलतात. शंभर लिटरमधले चाळीसेक गोडे होतात, उरलेलं खारं पाणी जवळजवळ तेवढ्याच दाबाने बाहेर येतं. पूर्वी तो दाब वाया जायचा. आता प्रेशर एक्स्चेंजर नावाचं उपकरण तो थेट आत येणाऱ्या नव्या खाऱ्या पाण्याला देतं, जवळपास सगळाच. म्हणून आज हजार लिटरमागे तीन-साडेतीन युनिटांत काम भागतं. निम्मं पाणी गोडं काढायचं तर निसर्गाची किमान अट एक युनिटाची आहे, तेव्हा यापुढे जादू होईल अशी आशा मला नाही.

लक्षद्वीपमध्ये वाफेनेच गोडं पाणी काढतात, हा तुमचा दाखला खरा आहे. तिथल्या कवरत्ती बेटावर २००५ पासून कमी दाबाखाली कोमट पाण्याची वाफ होते आणि खोल समुद्रातल्या थंड पाण्याने तिचं पुन्हा पाणी होतं. पण तिथे किनाऱ्याजवळच समुद्र शेकडो मीटर खोल आहे. कोकणचा समुद्र दूरवर उथळ.

तुमच्या खाडीकाठच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, असं लिहिलंत. मग समुद्राचं पाणी घ्यायचंच कशाला? मचूळ पाण्यात मीठ बरंच कमी, म्हणून दाबही कमी लागतो. एखाद्या युनिटात हजार लिटर निघतात. फक्त विहीर एकदम उपसू नका. थोडं थोडं, दिवसभर पॅनेलवर पंप चालेल तसं घ्या. जोरात उपसलंत तर खाडीचं पाणी आत ओढलं जाईल आणि विहीर आणखी खारी होईल.