आधी ते फॉल्स सीलिंग रद्द करा

जुन्या शाळेचं ऑफिस करायचं ठरलं की पहिल्याच मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, "छत फार उंच आहे, खाली घेऊ. एसी कमी लागेल." माझं डोकं तिथेच सटकतं.

अहो, ती उंची हौसेची नाही! खोलीत मुलं दाटीवाटीने बसायची, पंखा नसायचा. गरम हवा वर जाऊन झरोक्यातून बाहेर पडायची, खालच्या खिडकीतून ताजी आत यायची. तुम्ही झरोका झाकणार, मग गुदमरतंय म्हणून मशीन लावणार आणि वर पाटी 'ग्रीन ऑफिस'ची.

उजेडाचंही तसंच. फळ्याकडे तोंड करून उभे राहा, मोठ्या खिडक्या बहुतेकदा डाव्या हाताला दिसतील. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या वहीवर हाताची सावली पडू नये म्हणून. टेबलं त्याच दिशेने लावा, स्क्रीनवर चमक येत नाही.

पाडून नवं बांधणं जास्त पर्यावरणपूरक, हेही ऐकवलं जातं. अमेरिकेत २०११ साली झालेल्या एका अभ्यासात निघालं की, ३० टक्के कमी ऊर्जा खाणाऱ्या नव्या इमारतीलाही स्वतःच्या बांधकामाचं प्रदूषण फेडायला १० ते ८० वर्षं लागतात. जुन्या भिंतींच्या विटा तर कधीच्याच भाजून झाल्यात.

चुका मीही केल्यात. एकदा घाईत चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा होऊ दिला. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. दोन पावसाळ्यांत भिंतीला फुगवटे आले. बोटाने दाबलं तर पोपडा हातात आणि मागे ओला भुगा. सगळं खरवडून पुन्हा चुना लावला, पदरच्या पैशाने.

खरी डोकेदुखी आवाजाची. शेवटच्या बाकापर्यंत धडा ऐकू जाणाऱ्या खोलीत एकाचा फोन सगळ्यांना ऐकावा लागतो. खर्च करायचाच तर तिथे करा: तुळयांच्या मधे फेल्टचे, म्हणजे आवाज शोषणाऱ्या जाड नमद्याचे, पट्टे टांगा, मधे हवेला वाट ठेवून. वायरिंग, रॅम्प, आगीच्या वेळचा दुसरा जिना, यात काटकसर नकोच.

आणि फळा काढू नका. सध्याच्या साइटवर तो 'जुनाट दिसतो' म्हणून काढायला सांगितलाय. मी अजून काढलेला नाही. इलेक्ट्रिशियनने त्यावर खडूने अख्खं वायरिंग काढून ठेवलंय, रोज सकाळी सगळे आधी तिथेच जमतात.