‘मसल’मधला उंदीर आणि संस्कृतचे नाते

सप्रेम नमस्कार.

इंग्रजी ‘मसल’ हा शब्द लॅटिन ‘मुस्कुलुस’वरून, म्हणजे ‘लहानसा उंदीर’ या अर्थाच्या शब्दावरून आला, असे मी लिहिले होते. त्यावर आपले दोन आक्षेप आहेत: उंदराची ही गोष्ट मागाहून रचलेली असावी, आणि ती खरी असेल, तर शब्द संस्कृत ‘मूषक’वरून आला हे सांगायला मी कचरलो.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोने हा शब्द लहान उंदरांसाठीच वापरला आहे आणि पुढच्याच शतकात सेल्ससच्या वैद्यकग्रंथात तो स्नायूसाठी येतो. शिवाय हात कोपरात दुमडून दंडाकडे पाहावे. कातडीखाली काहीतरी गोल, जिवंत असल्यासारखे वर सरकते. रोमन माणसाला तिथे उंदीर दिसला, आपल्याला बेडूक, म्हणून आपण त्याला बेडकुळी म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. ‘मूष्’ हा शब्द ऋग्वेदात आहे. पहिल्या मंडलाच्या 105व्या सूक्तात, चिंता मला उंदरांसारख्या कुरतडत आहेत, असे ऋषी म्हणतो. हा ‘मूष्’ आणि ‘मुस्कुलुस’च्या मुळाशी असलेला लॅटिन ‘मूस’ (उंदीर) सख्खी भावंडे आहेत, यात शंका नाही. मात्र त्यांतल्या एकाला दुसऱ्याचा बाप ठरवायचे तर पुरावा हवा, आणि पुरावा उलट बाजूचा आहे. ‘कृ’ (करणे) धातूचे ‘चकार’ (त्याने केले) हे रूप घ्या. अशा भूतकाळी रूपात धातूचा पहिला वर्ण दोनदा येतो; या द्वित्वात पुढच्या ‘क’चा ‘च’ होतो, हे पाणिनीने ‘कुहोश्चुः’ या सूत्रात सांगितले आहे. पण ‘क’नंतर ‘अ’ असताना तो ‘क’ असा का बदलावा? लॅटिनच्या ‘केकिनी’ (मी गायलो) यासारख्या रूपांत त्याच जागी ऱ्हस्व ‘ए’ आहे, आणि अशा तालव्य (जीभ टाळूकडे नेऊन उच्चारल्या जाणाऱ्या) स्वराच्या आधी ‘क’चा ‘च’ होणे अगदी स्वाभाविक आहे. संस्कृतात तो ‘ए’ पुढे ‘अ’मध्ये मिसळून गेला, ‘च’ तेवढा त्याची खूण म्हणून राहिला. लॅटिन संस्कृतातून निघाली असती, तर हा हरवलेला स्वर तिला नेमक्या त्याच जागी परत कुठून मिळाला असता? दोन्ही भाषांचा उगम एकाच, कदाचित लुप्त झालेल्या भाषेत असावा, असे संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 साली कोलकात्यात म्हटले होते, ते याच दिशेने.

मूळ लेखात मी ‘संस्कृतशी संबंधित’ एवढेच मोघम लिहिले होते, ही चूक माझी. तिथे आता ‘समान पूर्वज भाषेतून आलेला’ अशी दुरुस्ती केली आहे.