चांगलं चित्र नक्की कोणी पुसलं?

लंडनहून १९१४ मध्ये निघालेल्या ‘ब्लास्ट’ या बंडखोर चित्रकार-लेखकांच्या नियतकालिकाचे दोन्ही अंक स्कॅनवर वाचून काढले (निघाले पण दोनच) आणि डोकं अजून तापलंय. पहिल्याचं कव्हर भडक गुलाबी, त्यावर तिरपं एवढंमोठं नाव, आत ठळक टायपात कोणाला शाप कोणाला आशीर्वाद त्याच्या याद्या, इंग्लंडच्या हवेलासुद्धा सोडलेलं नाही. छपाई आजही अंगावर येते, त्याबद्दल वादच नाही.

पण त्याच अंकात मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांना उद्देशून एक मजकूर आहे. त्या मार्चमध्येच मेरी रिचर्डसनने नॅशनल गॅलरीतल्या वेलास्केझच्या व्हीनसच्या चित्रावर वार केले होते. तर ‘ब्लास्ट’वाले म्हणतात, तुमचा जोश आवडतो पण कलाकृतींना हात लावू नका, एखाद्या दिवशी चुकून चांगलं चित्र नासवाल!

आणि यांच्या स्वतःच्या जाहीरनाम्यावरच्या अकरा सह्यांत दोन बायका आहेत, जेसिका डिस्मॉर आणि हेलन सॉन्डर्स. यांचं रेबेल आर्ट सेंटर हे एकत्र जमायचं ठिकाण उभं राहिलं केट लेचमियरच्या पैशावर आणि तिथे पाहुण्यांचं चहापाणी बघायचं तेही तिनेच, कारण ते बायकांचं काम.

खरा संताप पुढे आहे. सॉन्डर्सचं ‘अटलांटिक सिटी’ हे चित्र १९१५ च्या दुसऱ्या अंकात ब्लॅक अँड व्हाइट छापलंय, मूळ चित्राचा पत्ता नव्हता. लंडनच्या कोर्टोल्ड या कलासंस्थेतल्या दोन विद्यार्थिनींनी संपादक विंडम लुईसच्या ‘प्रॅक्सिटेला’ या चित्राचे एक्स-रे तपासले तर खाली दुसरंच चित्र, अंकाशी ताडून बघितलं तर तेच ‘अटलांटिक सिटी’! हे बाहेर आलं २०२२ मध्ये. कॅनव्हासची टंचाई असेल, राग असेल, कारण काही का असेना, सहकारी बाईचं चित्र रंगाखाली घालवलं ते बायकांना दम देणाऱ्या संपादकानेच. आणि ते ओळखता आलं कशामुळे, तर ‘ब्लास्ट’च्या त्या एका पानामुळे. म्हणून मी हे नियतकालिक फेकून द्या म्हणणार नाही, उलट जपाच म्हणेन.

आपल्या मुंबईत १९५५ च्या सुमारास ‘शब्द’ हे असंच छोटं नियतकालिक सायक्लोस्टाइल करून निघायचं, मग ‘असो’, आणि औरंगाबादहून ‘वाचा’. नावं विचारा, कोलटकर, चित्रे, शहाणे, नेमाडे, ढाले, सगळे घडाघडा सांगतात. बाईचं एक नाव पटकन कोणाला येत नाही. लिहिलं असेल, स्टेन्सिलं कापली असतील, चित्रं काढली असतील. दादर-गिरगावात कोणाच्या माळ्यावर असे अंक पडले असतील तर प्लीज, रद्दीत देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, श्रेयनामावली आणि मागचं कव्हरसुद्धा, आणि मला पाठवा.