छिद्रांचा हिशेब

भैताड, म्हणजे येडपट, म्हटल्याचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. नागपुरात हा शब्द लाडानंही वापरतात. वाईट याचं वाटलं, की तो मला उद्देशून नव्हताच. मी शेजारी उभा असताना मेकॅनिकला विचारण्यात आलं, "हे पोट्टं भैताड आहे काय बे?" पोट्ट्याचं वय ४३.

प्रकरण थोडक्यात असं. माझ्याकडे जुनी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती. तिला परफॉर्मन्स कार म्हणावं की नाही यावर आमच्या घरात मतभेद आहेत. ठिणगी पाडणारी एक इग्निशन कॉइल गेली, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, जाऊन जळलं, आतली सिरॅमिकची जाळी फुटली आणि पी०४२० कोड, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याची तक्रार, घेऊन चेक इंजिनचा दिवा लागला. कंपनीचा नवा कन्व्हर्टर घ्यावा तर तेवढ्यात बरी सेकंडहँड स्कूटर येते. मेकॅनिकचा सल्ला सोपा होता. "खाली करून देतो ना भाऊ! डबा तोच, आतलं सारं काढून टाकू. मागचा सेन्सर स्पेसर लावून धुरापासून दूर सरकवला की दिवा बंद. गाडी बंदूक!"

मी म्हटलं, नको. हाय-फ्लो, म्हणजे धूर जास्त मोकळा जाऊ देणारा कन्व्हर्टर, दाखव.

माझं चुकलं असेल तर एवढंच, की मी हे मोठ्यानं बोललो. कोपऱ्यातल्या बाकावर एक काका चेतकची क्लच केबल बदलून व्हायची वाट पाहत बसले होते. त्यांनी घडी केलेला पेपर खिशात घातला आणि उठून आले.

"काय बदलून राहिले?"

मी सांगितलं. जाळीतून धूर जातो आणि स्वच्छ होतो वगैरे.

"जुन्यात छिद्रं किती?"

"चौरस इंचाला साधारण ४००."

"अन् नव्यात?"

"२००. ३०० चाही मिळतो."

"पैसे?"

मी आकडा सांगितला. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे छिद्रं निम्मी, अन् तरी एवढे पैसे?"

"काका, छिद्रं मोठी असतात ना. सिरॅमिकऐवजी धातूचं पातळ पान असतं, त्यामुळे भिंती जागा कमी खातात, धूर मोकळा..."

"चाळणी घेतली कधी? मोठ्या छिद्राची महाग असते का बारीक छिद्राची?"

मला खरंच माहीत नव्हतं. पान्यावर उभा राहून नट सोडवणारा पोऱ्या म्हणाला, "मैद्याची महाग असते काका. बारीक असते ना."

"घ्या!" काका म्हणाले.

गॅरेजमधली सगळी कामं एव्हाना थांबली होती. मी प्रवाहाचं शास्त्र काढलं आणि इथे सापडलो, कारण काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले निघाले. "प्रवाह आमाले नका शिकवू. पेंचच्या उजव्या कालव्यावर जिंदगी गेली. तुमचं इंजिन धूर सोडते किती? अन् जुनी जाळी पास करत होती किती?"

"तसा आकडा..."

"मग अडलं कुठं? वितरिकेले पाणीच कमी सोडलं अन् शेवटचं गेट रुंद केलं, तर काय होते?"

"काय होतं?"

"गेट रुंद होते."

पोऱ्या हसला. मेकॅनिक हसला. मी सांगायचा प्रयत्न केला की चार-पाच घोडे तरी वाढतील (मेकॅनिक १५ म्हणत होता). काका म्हणाले, "वाढू द्या. पण पळवाल कुठं? सारा रस्ता तर खोदून ठेवला आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही.

मग मी पर्यावरणाकडे वळलो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचं आत जाऊन कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रोजन होतं. कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम सुरू करत नाही, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात त्याला थोडी सवलतच. काकांना जुनं आठवलं. १९९५ मध्ये नव्या पेट्रोल गाड्यांना हे यंत्र सक्तीचं झालं, ते फक्त चार महानगरांत. शिशाचं पेट्रोल देशभरातून जायला २००० साल उजाडलं. देशाचा मध्य मानला जाणारा झिरो माइल आमच्याकडे, पण देशाचे नियम इथपर्यंत पोचायला नेहमीच वेळ लागतो. यावर आमचं दोघांचं एकमत झालं. तेवढं एकच.

"अन् हे सारं करते कोण? नुसती जाळी?"

"जाळीवर लेप असतो, काका. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम."

काका गप्प झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोऱ्याकडे. पोऱ्या माझा फुटका कन्व्हर्टर बनियनच्या चिंधीत फार मायेनं गुंडाळत होता.

"ते कुठं घेऊन चालला?"

"भंगार आहे काका. फेकतो."

"फेकाले गुंडाळते कोण?" आणि मग मेकॅनिककडे वळून ते अजरामर वाक्य. "हे पोट्टं भैताड आहे काय बे? प्लॅटिनम तुमाले फुकट देऊन राहिलं!"

मेकॅनिकचा चेहरा पडला. जुना कन्व्हर्टर माझ्या डिक्कीत आला. काका चेतकला किक मारून निघून गेले, केबलचे पैसे मेकॅनिकनं घेतले नाहीत. माझ्या बिलात मजुरी मात्र दोनदा लावली.

शेवटी मी ३०० चा घेतला. काकांमुळे नाही. ३०० मध्ये धुराला लेपाचा पृष्ठभाग जास्त मिळतो आणि मागचा सेन्सर कुरकुरत नाही, हे मी आधीच वाचलं होतं. तसा कायद्याच्या लेखी हाय-फ्लोही कुंपणावरच बसलेला आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परस्पर फेरफार करू देत नाही. पण कुंपण तोडून पार गेलेले रोज रात्री फुटाळा तलावावर दिसतात. सायलेन्सर पोकळ, जाळी गायब, फटफट सीताबर्डीपर्यंत ऐकू जावी. दरवर्षी मारबतीच्या मिरवणुकीत आपण भ्रष्टाचाराचे, महागाईचे बडगे, म्हणजे पुतळे, काढतो आणि ईडा पीडा घेऊन जा गे मारबत म्हणून ओरडतो. एखादा बडग्या या पोकळ डब्यांचा काढा की! मिरवणुकीत त्याच गाड्या पुढे असतील, हा भाग वेगळा.

भंगारवाल्यानं जुन्या कन्व्हर्टरला लोखंडाचा भाव सांगितला. प्लॅटिनम म्हटल्यावर तो म्हणाला, "पावती आहे का सराफाची?"

राहिली पीयूसी. प्रमाणपत्र नसेल तर दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून नवा कन्व्हर्टर बसल्यावर मी मुद्दाम गेलो. खरं सांगायचं तर मला आकडा पाहायचा होता. एवढा खर्च, एवढा अपमान, निदान कार्बन मोनॉक्साइड तरी कमी दिसावं. व्हॅनमधल्या मुलानं नंबर प्लेटचा फोटो काढला आणि प्रिंटर चालू केला.

"नळी नाही घालायची?"

"नळी कायले? गाडी चांगली दिसून राहिली ना."

कागदावर कार्बन मोनॉक्साइड होतं, हायड्रोकार्बन होतं, सगळं मर्यादेत. गाडी अजून बंदच होती. मी म्हटलं, अरे, निदान चालू तरी करू दे. तो म्हणाला, मागे लाइन आहे काका, सरकवा. आणि सुटे नाहीत म्हणून वरचे पैसे ठेवून घेतले.