औषध सुरू म्हणजे दूध बंद?

"औषध चालू आहे ना, मग चार दिवस अंगावर पाजू नकोस." पेडण्यापासून फोंड्यापर्यंत कुठल्याही बाळंतिणीला हे ऐकवायला डॉक्टर असावं लागत नाही. सासू सांगते, शेजारीण सांगते. राग येतो तो डॉक्टरच गोळीचं नाव न तपासता असं बोलतात तेव्हा.

माझ्या भाचीची दाढ ठणकत होती. अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक आणि आयबुप्रोफेन हे दुखण्यावरचं औषध मिळालं, वर दूध तोडायचा हुकूम. ही दोन्ही औषधं दुधात फारच थोडी उतरतात, पाजणाऱ्या बायकांना सर्रास देतात. पावसात डेंगीची शंका असली तर आयबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉलच घ्यावं. पण ते रक्तस्रावाच्या भीतीने, दुधापायी नव्हे.

दूध तोडणं फुकटात होत नाही. छातीत गाठी होतात, थंडी वाजून ताप भरतो, दूध आटतं, बाळ बाटलीला सोकावतं. हे दुष्परिणाम कुणी चिठ्ठीवर लिहीत नाही.

साध्या एक्स-रेने दुधाला काही होत नाही. सीटी स्कॅनच्या वेळी चित्र स्पष्ट दिसावं म्हणून टोचतात त्या आयोडीनयुक्त द्रवाचा (कॉन्ट्रास्टचा) 1 टक्क्याहून कमी भाग दुधात येतो आणि त्यातलाही 1 टक्क्याहून कमी बाळाच्या आतड्यातून शोषला जातो. तरी दूध पिळून मोरीत ओतायला लावतात!

सावध राहायचं ते इथे: कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही जोरदार वेदनाशामकं. काहींच्या शरीरात कोडीनचं मॉर्फीन फार झपाट्याने होतं. बाळ सुस्तावतं, श्वास मंदावतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2017 मध्ये पाजणाऱ्या आयांनी ही दोन्ही टाळावीत असं बजावलं. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घ्यायचं असेल तर त्या बाळाचं पाजणं थांबवावंच लागतं. सर्दीच्या गोळीतल्या स्यूडोएफेड्रिनने दूध कमी होतं, ते मात्र कुणी सांगत नाही. आणि ज्या घरात क्रोसिनला नाकं मुरडतात, तिथेच लेबल नसलेलं भस्म बिनधास्त चाटवतात. त्यात शिसं असू शकतं.

सगळ्यात वाईट वाटतं ते बाळंतपणानंतरच्या नैराश्यात बाळासाठी म्हणून स्वतःचीच गोळी सोडणाऱ्या मुलींचं. सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध दुधात अत्यल्प उतरतं, पाजताना बहुतेकदा तेच निवडतात.

तेव्हा बायांनो, डॉक्टरला बाळाचं वय सांगा. नवजात किंवा दिवसांआधी जन्मलेल्या बाळाचा हिशेब वेगळा असतो. 'लॅक्टमेड' या अमेरिकी सरकारच्या मोफत संकेतस्थळावर औषधाचं नाव टाकून बघा. आणि "दूध बंद कर" म्हटलं तर सरळ विचारा, "डॉक्टर, पाजताना चालेल असं दुसरं कुठलं औषध आहे?"