हेडफोनच्या केबलला चांदी कशाला?

एकच फॉरवर्ड गेल्या दोन महिन्यांत मला चौघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: हेडफोनची केबल घरी बनवायची तर चांदीचा मुलामा असलेली तार घ्या, कारण वरच्या पट्टीतला आवाज तारेच्या पृष्ठभागावरून वाहतो. तार जितकी जाड, तितका बेस भरदार. जॅक सोन्याचाच हवा, कारण सोनं सर्वांत उत्तम वाहक. आणि केबल झाली की ५० तास वाजत ठेवा, म्हणजे ती ‘मुरते’.

सोन्यापासून सुरुवात करतो, कारण ते सरळसरळ चूक आहे. वाहकतेत चांदी पहिली, तांबं दुसरं, सोनं तिसरं. तांब्यापेक्षा सोन्याचा रोध जवळजवळ ४५ टक्के जास्त. जॅकवर सोनं चढवतात ते वेगळ्या गुणासाठी: ते गंजत नाही, काळं पडत नाही. मुंबई-कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत हा गुण कामाचा आहे. पावसाळ्यात जॅक फिरवला की खरखर येते, ती सोन्याच्या मुलाम्यावर कमी येते. तेव्हा सोनेरी जॅक जरूर घ्या. त्याने गाणं गोड होईल म्हणून मात्र घेऊ नका.

आता चांदी. पृष्ठभागाची गोष्ट पूर्ण खोटी नाही, म्हणून ती पटते. वारंवारता वाढते तसा विद्युतप्रवाह तारेच्या बाहेरच्या थराकडे सरकतो, हे खरं. पण किती? २० किलोहर्ट्‌झला, म्हणजे माणसाला ऐकू येण्याच्या वरच्या टोकाला, तांब्यात प्रवाह मुख्यतः ज्या थरातून वाहतो त्याची खोली साधारण ०.४७ मिलिमीटर येते. हेडफोनला वापरतात ती २६ गेजची तार मुळात ०.४ मिलिमीटर व्यासाची. म्हणजे पृष्ठभागापासून केंद्र ०.२ मिलिमीटरवर. अख्खी तारच त्या ‘पृष्ठभागात’ बसते! वर चांदी तांब्याहून जेमतेम सहा टक्के सरस, आणि मुलामा केसाहून पातळ.

मग अशी तार बाजारात येते कुठून? मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ‘टेफ्लॉन वायर’ मागितलीत की बहुधा हीच हातात पडते. टेफ्लॉनचं आवरण चढवताना प्रचंड उष्णता लागते आणि पुढेही ही तार २०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकावी अशी अपेक्षा असते. तिथे कथलाचा मुलामा तग धरत नाही, चांदीचा धरतो. विमानातल्या वायरिंगसाठी ही सोय चांगली. तुमच्या मानेवर २०० अंश होत नाहीत. उलट टेफ्लॉन ताठ असतं आणि शर्टाच्या कॉलरला घासलं की ती सरसर थेट कानात उतरते. ट्रेबलमध्ये मला ऐकू आलेली एवढीच ‘भर’.

जाड तार आणि बेस. २६ गेजच्या दीड मीटर केबलचा जाऊन-येऊन रोध ०.४ ओम. साध्या मल्टिमीटरचे दोन प्रोब एकमेकांना टेकवले तरी ०.१-०.२ ओम दिसतात, त्यावरून अंदाज घ्या. ३८ ओमच्या हेडफोनवर त्याने आवाज घटतो तो एक दशांश डेसिबलहूनही कमी. सेनहायझर एचडी ६०० सारख्या ३०० ओमच्या हेडफोनवर तर बोलायलाच नको. गंमत म्हणजे अशा हेडफोनचा रोध बेसच्या पट्ट्यात वर चढतो आणि तिथे तारेचा वाटा आणखी कमी पडतो, त्यामुळे तार बारीक केली तर बेस, झालाच तर, किंचित वाढेल.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. कानात घालायच्या काही महागड्या, अनेक ड्रायव्हरच्या (म्हणजे आतल्या इवल्या स्पीकरांच्या) इयरफोनचा रोध एका पट्टीत ५ ओम, दुसरीत ३० ओम असा हेलकावतो. तिथे ०.४ ओमने सुरांच्या तोलात अर्धा डेसिबल फरक पडू शकतो. तेवढ्यापुरती जाड तार घ्या.

फॉरवर्डमध्ये नसलेली, पण कानाला खरंच लागू पडणारी गोष्ट परतीच्या तारेची, म्हणजे कानाकडून जॅककडे प्रवाह परत आणणाऱ्या तारेची आहे. दोन्ही कानांना वेगळी केबल जाणारा हेडफोन असेल तर तीन तारांत भागवू नका. चार घ्या आणि परतीच्या दोन्ही थेट जॅकमध्येच जोडा. एकच सामायिक तार ठेवली तर तिच्या ०.२ ओममुळे ३२ ओमच्या हेडफोनवर डाव्याचा साधारण १६०वा भाग उजव्यात झिरपतो. फार नाही, पण चांदीच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा, आणि उपाय जवळजवळ फुकटात. चार तारा असल्या की पुढे ४.४ मिलिमीटरचा बॅलन्स्ड (दोन्ही कानांच्या परतीच्या तारा वेगळ्या ठेवणारा) जॅकही लावता येतो. फक्त बॅलन्स्ड अँपमध्ये (अँप्लिफायरमध्ये) ‘साधं ३.५ मिलिमीटर करून देणारा’ अडॅप्टर खोचू नका. दोन ऋण आउटपुट एकमेकांना शॉर्ट होतात आणि अँप जाऊ शकतो.

मुरण्याबद्दल काय लिहू? केबल आहे, कैरीचं लोणचं नाही.

त्या चौघांपैकी एकाने मात्र सगळं अक्षरशः पाळलं: चांदीची जाड तार, चारपदरी वेणी, ५० तास. पंधरा दिवसांनी केबल माझ्याकडे आली, डावा कान बंद. जॅकचं झाकण काढलं. मागचं भोक ४ मिलिमीटरचं, वेणी त्याहून जाड. बसेना म्हणून पठ्ठ्याने भोक कानशीने घासून मोठं केलं होतं आणि आतली पकड दाबलीच नव्हती. खिशातून फोन काढताना बसणारा प्रत्येक हिसका सरळ डाखावर येत होता. चांदी अजून लखलखत होती, तार तुटली होती डाखाला लागून.

मी मऊ आवरणाची २६ गेजची साधी तांब्याची तार घेतली, जॅक एका जुन्या सॉकेटमध्ये खोचून धरला, म्हणजे तापल्यावर आतलं प्लास्टिक वितळून कड्या हलत नाहीत, आणि चार डाख दिले. चकचकीत, छान. मग झाकणाकडे लक्ष गेलं. ते आधी तारेत ओवायचं असतं. टेबलावर पडलं होतं. चारही डाख पुन्हा काढले.